लुडविग बोल्ट्झमान : जीवन, कार्य आणि एका शब्दाचे दोन अर्थ

व्हिएन्ना शहराच्या मध्यवर्ती दफनभूमीत एक शुभ्र संगमरवरी स्मारक आहे. एका दाढीधारी, विचारमग्न पुरुषाचा अर्धपुतळा त्यावर बसविलेला असून पुतळ्याच्या वर एक लहानसे सूत्र कोरलेले आहे : एस = के लॉग डब्ल्यू. समाधीच्या दगडावर गणिताचे सूत्र असलेली माणसे जगात फार थोडी. त्या सूत्राने सांगितलेले सत्य आपल्या हयातीत सर्वमान्य झालेले पाहण्याचे भाग्य त्या माणसाला लाभले नाही. त्याचे नाव लुडविग बोल्ट्झमान.

आम्ही इतिहासाचे शिक्षक आहोत. भौतिकशास्त्राचे अध्यापन हा आमचा प्रांत नव्हे. तरीही या स्मरणिकेसाठी आम्ही एका भौतिकशास्त्रज्ञाचे चरित्र निवडले, त्याला कारण आहे. आमच्या विद्यार्थ्यांच्या विज्ञानाच्या पुस्तकांत आणि संगणकाच्या पुस्तकांत एन्ट्रॉपी हा एकच शब्द आढळतो. एका ठिकाणी तो उष्णतेविषयी बोलतो, दुसऱ्या ठिकाणी माहितीविषयी. शब्द एक म्हणून अर्थही एक, असे मानणारे अनेक आहेत. काही वक्ते तर त्याहून पुढे जाऊन समाजाचा ऱ्हास अटळ आहे हे सिद्ध करण्यासाठी या शब्दाला साक्षीला बोलावतात. शब्दांचा इतिहास नीट समजला नाही की अशा चुका घडतात आणि या शब्दाचा इतिहास बोल्ट्झमान यांच्या जीवनाशी एकरूप झालेला आहे.

बोल्ट्झमान यांचा जन्म २० फेब्रुवारी १८४४ रोजी व्हिएन्ना येथे झाला. त्यांचे आजोबा घड्याळांचे व्यावसायिक होते आणि बर्लिनहून व्हिएन्नाला येऊन स्थिरावले होते. वडील सरकारी कर खात्यात अधिकारी होते. जन्माची रात्र उत्सवाचा शेवटचा दिवस आणि उपवासाचा पहिला दिवस यांच्या मधली होती. आपले मन आनंद आणि विषाद यांच्यामध्ये सतत हेलकावे का खाते, याचे कारण या जन्मवेळेत आहे असे ते पुढे थट्टेने सांगत. थट्टेमागची वेदना मात्र खरी होती.

प्राथमिक शिक्षण घरी झाल्यावर ते लिंझ येथील शाळेत दाखल झाले. तेथे काही काळ त्यांना पियानोचे धडे देणारे शिक्षक म्हणजे पुढे थोर संगीतकार म्हणून मान्यता पावलेले आन्तोन ब्रुकनर. संगीताची ही आवड बोल्ट्झमान यांनी आयुष्यभर जोपासली. ते पंधरा वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले. त्यानंतर आईने आपली मिळकत मुलाच्या शिक्षणासाठी खर्ची घातली. घरातला कर्ता माणूस गेल्यावर ज्या आया मुलांच्या हातातली पुस्तके खाली पडू देत नाहीत, त्यांची नावे इतिहासग्रंथांत क्वचित येतात. या मातेचे नाव काथारिना होते, एवढे आम्ही येथे नोंदवून ठेवतो.

१८६३ मध्ये बोल्ट्झमान व्हिएन्ना विद्यापीठात दाखल झाले आणि १८६६ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. त्यांचे गुरू योसेफ स्टेफान हे उदारमनस्क होते. त्यांनी या तरुणाच्या हाती स्कॉटिश शास्त्रज्ञ मॅक्सवेल यांचे निबंध ठेवले आणि त्याला इंग्रजी येत नव्हते म्हणून सोबत इंग्रजी व्याकरणाचे पुस्तकही दिले. ज्ञान ज्या भाषेत आहे ती भाषा शिकून घ्यावी, हा त्या दोन पुस्तकांतला धडा होता. त्याच संस्थेत योहान लोश्मिट हे ज्येष्ठ सहकारी त्यांना लाभले. हवेच्या रेणूचे आकारमान किती असावे याचा अंदाज लोश्मिट यांनी १८६५ मध्ये बांधला होता. अणू आणि रेणू खरोखर अस्तित्वात आहेत, ही श्रद्धा नसून तपासून पाहण्याजोगे विधान आहे, ही जाण बोल्ट्झमान यांना अशा सहवासातून मिळाली. वयाच्या पंचविसाव्या वर्षी, १८६९ मध्ये, ग्राझ येथे गणिती भौतिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली.

त्या काळी एन्ट्रॉपी हा शब्द अगदी नवा होता. वाफेच्या इंजिनात कोळसा जाळून मिळणाऱ्या उष्णतेतला किती भाग कामाला येतो, हा युरोपातील उद्योगयुगाचा मोठा प्रश्न होता. फ्रान्सच्या सादी कार्नो यांनी १८२४ मध्ये त्याला हात घातला. पुढे जर्मनीच्या रुडोल्फ क्लाउझियस यांनी त्याला नियमाचे रूप दिले आणि १८६५ मध्ये एका ग्रीक शब्दावरून एन्ट्रॉपी हे नाव घडविले. क्लाउझियस यांची व्याख्या सरळ होती. एखाद्या वस्तूला सावकाश, तोल न बिघडवता उष्णता दिली, तर त्या उष्णतेला वस्तूच्या निरपेक्ष तापमानाने भागावे. येणारा भागाकार म्हणजे त्या वस्तूच्या एन्ट्रॉपीतील वाढ.

एक उदाहरण घेऊ. शून्य अंश सेल्सियसला असलेला एक ग्रॅम बर्फ वितळण्यास सुमारे ३३४ जूल उष्णता लागते. निरपेक्ष मापनात ते तापमान २७३ केल्विन असते. भागाकार येतो सुमारे १.२२ जूल प्रति केल्विन. एवढी बर्फाची एन्ट्रॉपी वाढली. ही उष्णता ज्या खोलीने दिली तिचे तापमान ३०० केल्विन असेल, तर खोलीची एन्ट्रॉपी सुमारे १.११ ने घटली. दोहोंची बेरीज धन आहे. बर्फ आणि खोली मिळून एकूण एन्ट्रॉपी वाढलीच. बाहेरशी देवघेव नसलेल्या कोणत्याही व्यवस्थेत ती घटत नाही, हाच उष्मागतिकीचा दुसरा नियम. गरम चहा आपोआप थंड होतो. थंड चहा आपोआप तापत नाही, त्यामागे हाच नियम आहे.

नियम पक्का होता. मात्र तो असा का, याचे उत्तर क्लाउझियस यांच्या भागाकारात नव्हते. वायू म्हणजे असंख्य रेणूंची धावपळ असेल आणि प्रत्येक रेणू न्यूटनच्या नियमाने चालत असेल, तर एकूण व्यवस्थेला एकाच दिशेने जाण्याची ही ओढ कोठून येते? या प्रश्नाला बोल्ट्झमान यांनी आपले आयुष्य वाहिले.

१८७२ मध्ये त्यांनी एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. रेणूंच्या टकरींमुळे वायू समतोलाकडे कसा जातो, हे त्यांनी त्यात गणिताने दाखविले. एक राशी सतत घटत जाते आणि समतोलाला तिची किंमत सर्वांत कमी होते, असा हा सिद्धान्त. या राशीला पुढे एच हे अक्षर चिकटले. १८७६ मध्ये लोश्मिट यांनीच त्यावर बिनतोड वाटणारा आक्षेप घेतला. न्यूटनचे नियम काळाच्या दोन्ही दिशांना सारखेच लागू पडतात. सर्व रेणूंचे वेग एका क्षणी उलटे केले, तर सर्व घटना उलट्या क्रमाने घडतील आणि एन्ट्रॉपी घटेल. मग ती घटत नाही असे म्हणावे कसे?

हा आक्षेप घेणारा मनुष्य मित्र होता आणि बोल्ट्झमान यांनी त्याला मित्राप्रमाणेच वागविले. त्यांनी आक्षेपात तथ्य पाहिले आणि आपला विचार अधिक खोल नेला. १८७७ मध्ये त्यांनी दिलेले उत्तर असे : एन्ट्रॉपी घटणे अशक्य नाही, ते अतिशय असंभाव्य आहे. डोळ्यांना दिसणारी वायूची एकच स्थिती आतल्या रेणूंच्या अनेक मांडण्यांनी साधू शकते. ज्या स्थितीच्या मांडण्या अधिक, ती स्थिती अधिक संभाव्य, आणि एन्ट्रॉपी म्हणजे त्या मांडण्यांच्या संख्येचे मोजमाप.

एका पेटीत शंभर रेणू आहेत आणि पेटीचे डावा व उजवा असे दोन भाग आहेत असे समजा. सर्व रेणू डावीकडे असण्याची मांडणी एकच आहे. पन्नास डावीकडे आणि पन्नास उजवीकडे असण्याच्या मांडण्या मात्र सुमारे १ वर २९ शून्ये इतक्या आहेत. रेणूंना कोणी समान वाटून घ्या असे सांगितलेले नाही. ते केवळ आंधळेपणाने हिंडतात आणि बहुसंख्य मांडण्या समतोलाच्या असल्यामुळे तेथेच सापडतात. ही शंभराची गोष्ट झाली. साधारण हवेच्या एका घनसेंटिमीटरमध्ये सुमारे २७ वर १८ शून्ये इतके रेणू असतात. तेथे उलट घडण्याची शक्यता इतकी नगण्य होते की आपण तिला अशक्य म्हणतो. स्मारकावरील सूत्रातला डब्ल्यू म्हणजे मांडण्यांची ही संख्या. दोन पेट्या एकत्र धरल्या की मांडण्यांचा गुणाकार होतो आणि एन्ट्रॉपीची मात्र बेरीज व्हायला हवी; गुणाकाराचे बेरजेत रूपांतर लॉगरिदम करतो, म्हणून सूत्रात लॉग आहे.

या वैज्ञानिक वाटचालीच्या मध्यावर बोल्ट्झमान यांच्या जीवनात हेन्रिएट फॉन आयगेंट्लर आल्या. आईवडील गमावलेल्या या तरुणीने शिक्षिकेचे शिक्षण घेतले होते आणि तिला गणित व भौतिकशास्त्र शिकायचे होते. ग्राझ विद्यापीठाने स्त्री म्हणून तिला व्याख्यानांना बसण्याची परवानगी नाकारली. बोल्ट्झमान यांनी तिला निर्णयाविरुद्ध दाद मागण्याचा सल्ला दिला; तिने अर्ज केला आणि तो मान्य झाला. विद्येचे दार बंद करणारे नियम देवाने केलेले नसतात, माणसांनी केलेले असतात आणि म्हणून माणसांना ते बदलता येतात, हे या छोट्या प्रसंगावरून दिसते. १८७६ मध्ये त्या दोघांचा विवाह झाला. पुढे व्हिएन्नामध्ये बोल्ट्झमान यांच्या वर्गात बसून भौतिकशास्त्राची ओढ घेतलेली आणखी एक विद्यार्थिनी अणुविखंडनाचा अर्थ उलगडणारी शास्त्रज्ञ झाली. तिचे नाव लीझ माइटनर.

ग्राझमधील चौदा वर्षे त्यांच्या सुखाची होती. १८८४ मध्ये गुरू स्टेफान यांनी प्रयोगांवरून सुचविलेला उष्ण वस्तूंच्या प्रारणाचा नियम त्यांनी उष्मागतिकीतून सिद्ध केला. तो आज गुरुशिष्य दोघांच्या नावाने ओळखला जातो. १८८७ मध्ये ते विद्यापीठाचे रेक्टर झाले. पण १८८९ मध्ये त्यांचा अकरा वर्षांचा मोठा मुलगा आजारात दगावला. आजार वेळेवर ओळखला गेला नाही, याची बोचणी त्यांच्या मनाला लागून राहिली. त्यापूर्वीच बर्लिनचे मानाचे पद स्वीकारून पुन्हा नाकारण्याच्या घालमेलीत त्यांचे मनःस्वास्थ्य ढासळू लागले होते. १८९० मध्ये म्युनिक, १८९४ मध्ये व्हिएन्ना, १९०० मध्ये लाइपझिग आणि १९०२ मध्ये पुन्हा व्हिएन्ना, अशी त्यांची भ्रमंती चालू राहिली. दृष्टी अधू होत गेली, दम्याने छळले.

यात वैचारिक एकाकीपणाची भर पडली. त्या काळी जर्मन भाषक जगात अणू मानणे जुनाट समजले जाऊ लागले होते. व्हिएन्नातील विद्वान एर्न्स्ट माख यांचे म्हणणे होते की जे इंद्रियांना प्रतीत होत नाही त्याला विज्ञानात स्थान नाही. अणू कोणी पाहिला आहे काय, हा त्यांचा प्रश्न असे. रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांच्या मते ऊर्जा हेच एकमेव सत्य होते आणि अणू ही निव्वळ सोयीची कल्पना होती. १८९५ मध्ये ल्यूबेक येथील संमेलनात बोल्ट्झमान आणि ऑस्टवाल्ड यांचा जाहीर वाद झाला. युक्तिवादात बोल्ट्झमान सरस ठरले, तरी वारे बदलले नाही. पुढच्याच वर्षी तरुण गणितज्ञ झर्मेलो यांनी नवा आक्षेप आणला : पुरेसा काळ गेला तर प्रत्येक बंदिस्त व्यवस्था आपल्या मूळ स्थितीजवळ परत येते, मग एन्ट्रॉपीची वाढ कायमची कशी? असा परतीचा काळ इतका प्रचंड असतो की मानवी अनुभवात त्याला अर्थ उरत नाही, हे बोल्ट्झमान यांनी हिशेबाने दाखविले. १८९६ आणि १८९८ मध्ये त्यांचा वायुसिद्धान्तावरील ग्रंथ दोन खंडांत आला. काळाच्या लहरीत हा सिद्धान्त विस्मृतीत गेला, तर पुढच्या पिढीला तो नव्याने शोधावा लागू नये, ही त्यामागची तळमळ त्यांनी प्रस्तावनेत व्यक्त केली आहे.

ऑस्टवाल्ड यांच्याशी त्यांचा स्नेह वादानंतरही टिकला आणि लाइपझिगला बोल्ट्झमान त्यांचे सहकारी म्हणूनच गेले. मतभेद म्हणजे वैर नव्हे, याचे हे उदाहरण वादविवाद स्पर्धेत उतरणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

१९०५ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियाचा प्रवास केला आणि त्याचे मोठे खुमासदार प्रवासवर्णन लिहिले. पण हास्याच्या आड आजार वाढत होता. ५ सप्टेंबर १९०६ रोजी, त्रिएस्टजवळील दुइनो या समुद्रकाठच्या गावी कुटुंबासह सुट्टीवर असताना त्यांनी आपले जीवन संपविले. वय ६२ वर्षांचे होते. अणूंना विरोध झाला म्हणून त्यांनी असे केले, असे अनेकदा लिहिले जाते. आम्हाला ही मांडणी मान्य नाही. अनेक वर्षे त्यांना मनाच्या आजाराने ग्रासले होते आणि त्या काळी त्यावर पुरेसे उपचार नव्हते. मनाचा आजार हा शरीराच्या आजारासारखाच आजार आहे; तो लपवू नये, जवळच्या माणसाला सांगावा आणि त्यावर उपचार घ्यावेत, ही गोष्ट वसतिगृहात राहणाऱ्या मुलामुलींना आम्ही येथे स्पष्टपणे सांगू इच्छितो.

दैव म्हणा वा योगायोग म्हणा, विजय दाराशी आला होता. १९०५ मध्येच आइन्स्टाइन यांनी द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या थरथरीचे गणित रेणूंच्या धक्क्यांवरून मांडले होते. फ्रान्सच्या झां पेरँ यांनी काही वर्षांतच प्रयोगांनी त्याचा पडताळा दिला. १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या आवृत्तीत ऑस्टवाल्ड यांनी अणूंचे अस्तित्व मान्य केले. त्याआधीच, १९०० मध्ये, माक्स प्लांक यांनी उष्ण वस्तूच्या प्रारणाचे कोडे सोडविताना बोल्ट्झमान यांचीच मोजणीची रीत वापरली होती. स्मारकावरील सूत्र आजच्या रूपात प्रथम प्लांक यांनी लिहिले आणि त्यातला के हा स्थिरांकही त्यांनीच नमूद केला; तो बोल्ट्झमान यांच्या नावाने ओळखला जातो. १९२४ मध्ये ढाक्याच्या सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशकणांच्या मांडण्या मोजण्याची नवी रीत दिली, तीही याच परंपरेतली.

आता या शब्दाच्या दुसऱ्या जन्माकडे वळू. बोल्ट्झमान यांच्या मृत्यूनंतर ४२ वर्षांनी, १९४८ मध्ये, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करणारे क्लॉड शॅनन यांनी संदेशवहनाचा गणिती सिद्धान्त प्रसिद्ध केला. त्यांच्यासमोर ना वाफ होती, ना वायू. तारा, दूरध्वनी आणि त्यांतून जाणारे संदेश हा त्यांचा विषय होता. संदेशात माहिती किती, हे मोजायचे कसे? शॅनन यांनी संदेशाचा आशय बाजूला ठेवला आणि संदेश येण्यापूर्वी ऐकणाऱ्याच्या मनात अनिश्चितता किती होती, एवढेच मोजले.

आमच्या वसतिगृहाची पहाटेची घंटा रोज ठरल्या वेळी वाजते. ती वाजल्याने कोणालाही नवे काही कळत नाही. तिच्यातली माहिती शून्य. नाणेफेकीचा निकाल मात्र दोन सारख्या शक्यतांतून एक निवडतो, म्हणून तो कळणे म्हणजे एक बिट माहिती मिळणे. चार सारख्या शक्यता असतील तर दोन बिट, आठ असतील तर तीन. शक्यता सारख्या नसतील तर प्रत्येकीची संभाव्यता आणि त्या संभाव्यतेचा लॉगरिदम यांचा गुणाकार करून बेरीज घ्यायची आणि चिन्ह बदलायचे. इंग्रजीची २६ अक्षरे आणि मोकळी जागा सारख्याच प्रमाणात येत असती, तर दर अक्षरामागे सुमारे ४.७५ बिट माहिती असती. प्रत्यक्षात भाषेला वळण असते, पुढचे अक्षर बरेचदा आधीच ओळखता येते. १९५१ मध्ये शॅनन यांनी केलेल्या अंदाजात हा आकडा एका बिटाच्या आसपास आला. संदेश आणि चित्रे आटोपशीर करून साठविण्याच्या आजच्या तंत्राचा पाया या हिशेबात आहे.

शॅनन यांचे सूत्र आणि बोल्ट्झमान व अमेरिकेचे गिब्ज यांच्या परंपरेतले सूत्र यांचा साचा एकच आहे. शॅनन यांनी हे ऋण मान्य केले आणि आपल्या राशीला बोल्ट्झमान यांच्या सिद्धान्तातले एच हे अक्षर दिले. गंमत अशी की बोल्ट्झमान यांचा एच समतोलाला सर्वांत लहान होतो, तर शॅनन यांचा एच अनिश्चितता वाढली की वाढतो. चिन्हे परस्परविरुद्ध आहेत. एन्ट्रॉपी हे नाव गणितज्ञ फॉन नॉयमन यांनी सुचविले, अशी एक आख्यायिका आहे. या शब्दाचा नेमका अर्थ कोणालाच माहीत नसल्याने वादात शॅनन यांचाच वरचष्मा राहील, असे त्यांनी म्हटल्याचे सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, पुढे झालेल्या गोंधळाचे वर्णन तिने अचूक केले आहे.

मग फरक कोणता? तो आम्ही चार मुद्द्यांत मांडतो.

पहिला फरक मोजण्याच्या वस्तूचा. शॅनन यांची एन्ट्रॉपी कोणत्याही संभाव्यतेची असू शकते : नाण्याची, अक्षरांची, हवामानाच्या अंदाजाची. उष्मागतिकीची एन्ट्रॉपी ही पदार्थाच्या सूक्ष्म भौतिक स्थितींचीच असते, आणि तापमान व ऊर्जा यांच्याशी ती बांधलेली असते.

दुसरा फरक एककाचा आणि आकाराचा. माहितीची एन्ट्रॉपी बिटमध्ये मोजतात. तो निव्वळ अंक आहे. उष्णतेची एन्ट्रॉपी जूल प्रति केल्विनमध्ये मोजतात. दोहोंमधला पूल म्हणजे बोल्ट्झमान यांचा स्थिरांक. त्याची किंमत दशांशचिन्हानंतर २२ शून्ये आणि मग १३८ इतकी लहान आहे. या पुलावरून पाहिले तर एक ग्रॅम बर्फ वितळताना वाढलेली एन्ट्रॉपी सुमारे १३ वर २२ शून्ये इतक्या बिटांची भरते. एक टेराबाइट साठवणीच्या सुमारे १,६०० कोटी तबकड्या भरतील एवढे हे बिट आहेत.

तिसरा फरक काळाच्या नियमाचा. बंदिस्त व्यवस्थेत उष्णतेची एन्ट्रॉपी घटत नाही, हा निसर्गाचा नियम आहे. माहितीच्या एन्ट्रॉपीवर असे बंधन नाही. वाचन वाढले की अनिश्चितता घटते. स्मरण ओसरले की वाढते. तिच्या वाढीघटीला सर्वांना लागू असा दुसरा नियम नाही.

चौथा फरक अव्यवस्था या शब्दाचा. पत्त्यांची नवी गड्डी पिसली की तिची एन्ट्रॉपी वाढली, असे पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले असते. ५२ पानांच्या मांडण्या सुमारे ८ वर ६७ शून्ये इतक्या आहेत आणि पिसलेल्या गड्डीच्या क्रमाविषयीची आपली अनिश्चितता सुमारे २२६ बिट आहे. हा शॅनन यांचा हिशेब. पण कागद तोच, तापमान तेच. उष्मागतिकीच्या दृष्टीने या २२६ बिटांची किंमत इतकी क्षुल्लक आहे की कोणतेही उपकरण तिची दखल घेणार नाही. हातांच्या उबेने गड्डी किंचित तापली, तर त्याने होणारी वाढ अब्जावधी पटींनी मोठी असते. विस्कटलेली खोली आणि उष्णतेची एन्ट्रॉपी यांची सांगड घालणारी उदाहरणे म्हणूनच दिशाभूल करतात.

तथापि या दोन राशींचा काहीच संबंध नाही, असे म्हणणेही चुकीचे ठरेल. सूक्ष्म भौतिक स्थितींविषयीची अनिश्चितता शॅनन यांच्या सूत्राने मोजली आणि तिला योग्य स्थिरांकाने गुणले, तर समतोलातल्या वायूची उष्मागतिक एन्ट्रॉपीच मिळते. या अर्थी दुसरी ही पहिलीचे एक विशेष रूप आहे. मॅक्सवेल यांनी १८६७ मध्ये एक काल्पनिक चिमुकला द्वारपाल उभा केला होता. वेगवान रेणू एकीकडे आणि संथ रेणू दुसरीकडे सोडून तो श्रमाविना दुसरा नियम मोडू पाहतो. १९२९ मध्ये लिओ झिलार्ड यांनी दाखविले की या द्वारपालाला मिळणाऱ्या माहितीचा हिशेब धरलाच पाहिजे. १९६१ मध्ये रॉल्फ लँडॉअर यांनी सांगितले की साठविलेला एक बिट पुसून टाकताना ठरावीक किमान उष्णता बाहेर पडतेच. ३०० केल्विन तापमानाला ती दशांशचिन्हानंतर २० शून्ये आणि मग २८७ इतक्या जूलची असते. १९८२ मध्ये चार्ल्स बेनेट यांनी हाच धागा धरून द्वारपालाचे कोडे सोडविले : मोजमापापेक्षा स्मृती पुसण्याची किंमत त्याला टाळता येत नाही. २०१२ मध्ये ही मर्यादा प्रयोगातही दिसून आली. माहिती ही हवेत तरंगत नाही. ती कोणत्या तरी पदार्थावर लिहिलेली असते, आणि तेथेच दोन एन्ट्रॉपींची भेट होते.

आता आमच्या विषयाशी थेट संबंध असलेली एक गोष्ट. १९१० मध्ये अमेरिकेचे इतिहासकार हेन्री अ‍ॅडम्स यांनी आपल्या देशातील इतिहासशिक्षकांना उद्देशून एक पुस्तक लिहिले. उष्मागतिकीचा दुसरा नियम मानवी इतिहासालाही लागू आहे आणि म्हणून मानवी शक्तीची वाटचाल ऱ्हासाकडेच आहे, असा त्यांचा विचार होता. इतिहासशिक्षक म्हणून आम्ही या पत्राचे आम्हालाही उत्तर देणे लागतो. दुसरा नियम बंदिस्त व्यवस्थेचा आहे. पृथ्वी बंदिस्त नाही. सूर्याकडून तिला अखंड ऊर्जा मिळते आणि ती उष्णता अवकाशात सोडते. या देवघेवीच्या बळावरच बीजातून झाड उगवते आणि मुलाच्या मेंदूत अक्षरओळख रुजते. समाज सुधारतो की बिघडतो, याचा निर्णय रेणूंच्या मोजणीत दडलेला नाही. तो माणसांच्या कृतीत आहे. भौतिकशास्त्राचा नियम पुढे करून जो सामाजिक ऱ्हास अटळ ठरवितो, तो नव्या भाषेत जुनाच दैववाद सांगतो, आणि दैववादाने कोणाचे हित झाले व कोणाचे अहित, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

बोल्ट्झमान यांनी स्वतः अटळपणाच्या जागी संभाव्यता आणली, हे या संदर्भात महत्त्वाचे आहे. त्यांनी नियमाला आदेश मानले नाही. तो मोजून पाहिला आणि त्याचे कारण शोधले. मित्राचा आक्षेप मानापमान मध्ये न आणता स्वीकारला. बहुमत विरुद्ध असतानाही पुरावा ज्या बाजूला होता त्या बाजूला ते उभे राहिले, आणि आपल्यानंतर येणाऱ्यांसाठी आपले काम नीट लिहून ठेवले.

या विद्यालयातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकी कोणी अभियंता होईल, कोणी संगणकतज्ज्ञ, कोणी शिक्षक. एन्ट्रॉपी हा शब्द त्यांना पुन्हा भेटेल. तेव्हा त्यांनी प्रथम विचारावे : येथे काय मोजले जात आहे, कोणत्या एककात, आणि कोणत्या व्यवस्थेचे? एवढे तीन प्रश्न विचारणारा विद्यार्थी मोठ्या शब्दांना भुलणार नाही. बोल्ट्झमान यांच्या स्मृतीला याहून उचित अभिवादन आम्हाला सुचत नाही.